खिशातले सोन्याचे घड्याळ : इतिहास आणि रचना

सोन्याचा भाव चढला की घरोघरच्या जुन्या पेट्या उघडतात. आजीच्या बांगड्या, तुटलेली साखळी, जोडी हरवलेले डूल यांच्याबरोबर एखाद्या घरात एक जाड, वाटोळे, झाकणाचे घड्याळ बाहेर निघते. ते आजोबांचे किंवा पणजोबांचे असते. कोणी आगबोटीवर नोकरीला होते, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत. घड्याळ बंद पडून कित्येक वर्षे झालेली असतात. सराफ ते हातात घेतो, झाकण कसोटीवर घासून पाहतो, आतले यंत्र काढून बाजूला ठेवतो आणि रिकामे कवच तराजूत टाकतो. वजनाप्रमाणे पैसे मिळतात. बाजूला ठेवलेल्या यंत्राचे पैसे कोणी मागत नाही व कोणी देतही नाही. जगभर अशी असंख्य घड्याळे मुशीत गेली. कवच गमावलेली सुटी यंत्रे जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही विकावयास येतात.

प्रस्तुत लेखात त्या बाजूला ठेवलेल्या यंत्राची हकीकत सांगावयाची आहे. सोन्याची किंमत सराफ सांगू शकतो. यंत्राची किंमत सांगण्यासाठी मात्र थोडा इतिहास, थोडे गणित आणि थोडे भौतिकशास्त्र लागते. या तिन्ही विषयांची पाठ्यपुस्तके आपल्या मुलांच्या दप्तरात आहेतच. ती एका जागी कशी येतात, हे घड्याळाइतके स्पष्ट दाखवणारी दुसरी वस्तू घरात सापडणे कठीण.

सावली, पाणी आणि मुवक्कित

यांत्रिक घड्याळ येण्यापूर्वी माणूस सावलीवरून व पाण्यावरून वेळ मोजीत असे. महाराष्ट्रात घटिकापात्र प्रचारात होते. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवली की ती हळूहळू भरून २४ मिनिटांत बुडे. ही एक घटिका. अशा ६० घटिकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त या वाटीवर साधला जाई, आणि "घटका भरली" हा वाक्प्रचार मराठीत तिच्यावरूनच आला.

इस्लामी जगात वेळमोजणीला फार मोठे महत्त्व आले. दिवसाच्या पाच नमाजा ठरलेल्या वेळी अदा करावयाच्या, आणि त्या वेळा सूर्यावर अवलंबून. फजर पहाटेच्या उजेडावर, जोहर सूर्य मध्यान्ह ओलांडल्यावर, असर सावलीच्या लांबीवर, मगरिब सूर्यास्तावर, इशा संधिप्रकाश मावळल्यावर. सूर्य रोज तीच वेळ पाळत नाही, म्हणून हे गणित रोज करावे लागे. त्यासाठी मोठ्या मशिदींत मुवक्कित नावाचा जाणकार नेमला जाई. दमास्कसच्या उमय्या मशिदीतील मुवक्कित इब्न अल्-शातिर हा चौदाव्या शतकातील थोर खगोलशास्त्रज्ञ. त्याने १३७१ साली त्या मशिदीच्या मिनारासाठी संगमरवराचे सूर्यघड्याळ तयार केले. सूर्यघड्याळांच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते.

पाण्याच्या घड्याळांचीही परंपरा मोठी. बगदादचा खलिफा हारून अल्-रशीद याने इ. स. ८०७ मध्ये फ्रँक सम्राट शार्लमेन याला पितळी जलघड्याळ भेट पाठवल्याची नोंद तेथील बखरीत आहे. अल्-जजरी या कारागिराने १२०६ साली पुरा केलेल्या ग्रंथात हत्तीच्या आकाराचे भव्य जलघड्याळ आकृतीसह वर्णन केले. सोळाव्या शतकात इस्तंबूलचा तकी अल्-दीन याने स्प्रिंगवर व वजनावर चालणाऱ्या यांत्रिक घड्याळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, व वेधशाळेसाठी मिनिटे आणि सेकंद दाखवणारे घड्याळ योजले. १५७७ साली उभारलेली त्याची वेधशाळा १५८० मध्ये पाडून टाकण्यात आली. त्या विद्येचे पुढचे धडे युरोपात गिरवले गेले. वेधशाळा पाडणाऱ्यांनी दगडविटाच पाडल्या असे नव्हे; शिकण्याची एक परंपरा तेथे खंडित झाली, हे आपण लक्षात ठेवावे.

घड्याळ खिशात कसे आले

मनोऱ्यावरची जुनी घड्याळे वजनावर चालत. दोरीला टांगलेले वजन खाली उतरे व चाके फिरत. असे घड्याळ अंगावर बाळगता येणे शक्य नव्हते. वजनाऐवजी पोलादाची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे कमान किंवा स्प्रिंग, वापरण्याची युक्ती पंधराव्या शतकात निघाली. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्युरेंबर्ग येथील पीटर हेनलाइन हा कुलपे करणारा कारागीर अंगावर बाळगण्याजोग्या लहान घड्याळांसाठी प्रसिद्धीस आला. ही घड्याळे दिसावयास सुंदर, पण वेळेला अगदी कच्ची. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणे ही नित्याची गोष्ट. त्यांना मिनिटकाटा नसे, आणि असूनही त्याचा उपयोग नव्हता.

दोष कमानीचा होता. पूर्ण चावी दिलेली कमान जोराने ओढते आणि उलगडत आली की तिचा जोर ओसरतो. हा जोर सारखा करण्यासाठी शंकूच्या आकाराचा एक चढता रूळ बसवून त्यावर बारीक साखळी गुंडाळली जाई. कमान जोरात असताना साखळी शंकूच्या अरुंद भागावर ओढ देई, कमान सैल झाली की रुंद भागावर. लांब दांड्याच्या पान्याने बोल्ट सहज सुटतो, तोच हा न्याय. इंग्लंडमधील क्राइस्टचर्च या गावी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बायका व मुले घरी बसून या साखळ्या जोडीत. सायकलच्या साखळीसारखीच तिची रचना, पण घोड्याच्या केसाएवढी बारीक. श्रीमंताच्या खिशातल्या सोन्याच्या घड्याळात अशी कित्येक लहान मुलांची नजर खर्ची पडलेली आहे.

खरी क्रांती १६७५ साली झाली. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने घड्याळातील झुलत्या चाकाला केसासारखी बारीक वळणदार कमान जोडली. हीच केसकमान, ज्याला घड्याळजी हेअरस्प्रिंग म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने ही कल्पना आपली असल्याचा दावा केला व त्यावरून मोठा वाद झाला. वाद काहीही असो, तासांची चूक मिनिटांवर आली आणि घड्याळांना मिनिटकाटा लागला. १७०४ साली लंडनमध्ये माणकाला भोक पाडून त्यात चाकांचे आस बसवण्याचे पेटंट घेतले गेले. पुढे १७५० च्या दशकात टॉमस मज याने लंगराची म्हणजे लिव्हरची योजना केली. तीच, थोड्याफार फरकाने, चावीच्या घड्याळात आजवर चालत आली आहे.

या घड्याळांना तुर्कस्तानात मोठी बाजारपेठ होती. लंडनचा जॉर्ज प्रायर खास तुर्की अंकांच्या तबकड्यांची घड्याळे तिकडे पाठवी. पॅरिसचा सुप्रसिद्ध अब्राहम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३) यानेही उस्मानी साम्राज्यातील गिऱ्हाइकांसाठी तशी घड्याळे बनवली. ज्या इस्तंबूलमध्ये तकी अल्-दीनने घड्याळाचे शास्त्र लिहिले, त्याच शहरात दोनशे वर्षांनी घड्याळ परदेशातून विकत येऊ लागले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आत काय चालते

विद्यार्थी मित्रांनो, आता झाकण उघडून आत पाहू. घड्याळ लहान असले तरी त्याची पाच कामे स्पष्ट सांगता येतात : शक्ती साठवणे, ती पुढे नेणे, ती थोडी थोडी सोडणे, समान तुकडे मोजणे, आणि मोजलेले दाखवणे.

पहिले काम मुख्य कमानीचे. चपट्या डबीत पोलादी पट्टी गुंडाळून बसवलेली असते. आपण चावी देतो तेव्हा ती घट्ट होते. चावी देताना येणारा करकर आवाज एका दातेरी चाकावर पडणाऱ्या खिट्टीचा असतो. ही खिट्टी कमानीला एकदम उलगडू देत नाही. जुन्या घड्याळांना वेगळी किल्ली असे, व ती हमखास हरवे. एकोणिसाव्या शतकात १८४० च्या दशकात आद्रियां फिलीप याने डोक्यावरच्या मुंडीनेच चावी देण्याची व काटे फिरवण्याची सोय केली. एकदा चावी दिली की साधारण तीस तास किंवा त्याहून थोडे अधिक घड्याळ चालते. म्हणून ठरावीक वेळी रोज चावी देण्याची शिस्त त्या काळी घरात असे.

दुसरे काम चाकांच्या मालिकेचे. मधले चाक तासाला एक फेरा घेते आणि सेकंदकाट्याचे चाक मिनिटाला एक. म्हणजे वेग साठपट वाढवावयाचा. समजा मधल्या चाकाला ६४ दाते आहेत व ते ८ दात्यांच्या लहान चाकाला फिरवते, तर वेग ८ पट होतो. त्या लहान चाकाच्या आसावरचे मोठे चाक ६० दात्यांचे असून ते पुन्हा ८ दात्यांच्या चाकाला फिरवीत असेल, तर वेग साडेसात पट होतो. आठ गुणिले साडेसात बरोबर साठ! सातवीच्या वर्गात गुणोत्तर कशाला शिकावयाचे असे विचारणाऱ्या मुलाला हे एक उत्तर पुरे आहे.

तिसरे काम फार महत्त्वाचे. एवढी चाके मोकळी सोडली तर कमान काही क्षणांत उलगडून जाईल. तिला अडवावयाचे, पण कायमचे नाही. यासाठी शेवटच्या चाकाला बहुधा १५ तिरके दाते असतात व त्याच्यापुढे लंगर असतो. लंगराच्या दोन टोकांना माणकाचे दोन तुकडे बसवलेले असतात. एक टोक दाता अडवते, सोडते, लगेच दुसरे टोक पुढचा दाता अडवते. आपण ऐकतो ती टिकटिक या अडवण्याचीच असते. घड्याळ वाहत्या शक्तीला क्षणोक्षणी थांबवते, म्हणूनच त्याला वेळ मोजता येते.

चौथे काम झुलत्या चाकाचे, ज्याला बॅलन्स म्हणतात. लंगर दरवेळी त्याला हलकासा धक्का देतो, ते एका बाजूला फिरते, केसकमान त्याला परत ओढते. ही कमान अशी की झोका मोठा असो की लहान, त्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. खिशातल्या बहुतेक घड्याळांत तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाचे झाले ४,३२,०००, आणि वर्षाचे १५ कोटी ७६ लाख ८० हजार. घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकले तर आपण त्याला नावे ठेवतो. पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ही चूक ८,६४० भागांत एक भाग एवढीच आहे. हिशेबात इतका काटेकोर माणूस सापडावयाचा नाही.

उन्हाळ्यात केसकमान किंचित मऊ पडते व घड्याळ मागे पडते. त्यावर उपाय म्हणून बॅलन्सची कड पितळ बाहेर व पोलाद आत अशी जोडून, दोन ठिकाणी कापून ठेवीत. पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने उष्णतेत कडेची टोके आत वळत, चाक वेगाने झुले व तूट भरून निघे. पुढे शार्ल एदुआर ग्योम याने तापमानाला फारशी दाद न देणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले. या कार्यासाठी त्याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाचवे काम काट्यांचे. मिनिटकाटा बारा फेरे घेईल तेव्हा तासकाट्याने एक घ्यावा, यासाठी तबकडीखाली तीनपट व चौपट अशी दोन टप्प्यांची चाके असतात. तीन चोक बारा. आपण डोळ्यांनी पाहतो ते एवढेच.

यंत्रावर "१५ ज्वेल", "१७ ज्वेल" असे कोरलेले असते. ते वाचून अनेकांना घरात रत्ने सापडल्याचा आनंद होतो. हे खडे दागिन्याचे नव्हेत. पोलादाचा आस पितळेत फिरला तर भोक झिजते. माणूक कठीण असल्याने झिजत नाही. विसाव्या शतकात ही माणके कृत्रिम रीतीने तयार होऊ लागली आणि त्यांची बाजारातील किंमत किरकोळ झाली. त्यांचे मोल ती जेथे बसली आहेत त्या जागेमुळे आहे.

समुद्र, रेखांश आणि न्हावा

घड्याळाने माणसाचे प्राणही वाचवले. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंशाला ४ मिनिटे. भर समुद्रात सूर्य डोक्यावर आला त्या क्षणी आपल्या बंदराचे घड्याळ किती वाजले ते दाखवीत असेल, तर दोहोंतील फरकावरून आपण किती अंश पूर्वेला वा पश्चिमेला आहोत ते कळते. पण हेलकावणाऱ्या गलबतावर बिनचूक चालणारे घड्याळ हवे. ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केले. मोठमोठ्या विद्वानांना जे साधले नाही ते जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने साधले. १७५९ साली त्याने पुरे केलेले चौथे घड्याळ मोठ्या खिशातल्या घड्याळासारखेच दिसते. १७६१–६२ च्या जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत त्याची चूक सुमारे ५ सेकंद भरली. हे जगप्रसिद्ध घड्याळ चांदीच्या कवचात आहे, सोन्याच्या नव्हे.

कोकणच्या मुसलमानांना हा विषय परका नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवरील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, तांडेल व सारंग आगबोटींवर गेले. बोटीवरच्या पाळीला इंग्रजीत "वॉच" हाच शब्द आहे, व तो आपल्या खलाशांच्या तोंडी रुळला. आपल्या नवी मुंबईलगत न्हावा येथे विसाव्या शतकाच्या आरंभी नौव्यवसायातील सर मोहमद युसुफ यांनी मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारी संस्था काढली. ती "ट्रेनिंग शिप रहमान" या नावाने ओळखली जाते. जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजसाठीही याच घराण्याने मोठी देणगी दिली होती. पैसा पेटीत न ठेवता त्याची शाळा करावी, हा धडा आपल्या अंगणातच घालून दिलेला आहे.

मुंबईची वेळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे घड्याळांचे मोठे पेठशहर झाले. स्वित्झर्लंडच्या फाव्र-ल्युबा कंपनीने १८६५ साली मुंबईत पाऊल टाकले. १८८० च्या दशकात वेस्ट एंड वॉच कंपनी येथे उभी राहिली. तिच्या घड्याळांच्या तबकड्यांवर "बॉम्बे–कलकत्ता" अशी अक्षरे असत. दुसरीकडे स्वस्त घड्याळेही निघाली. रॉस्कॉफ याने १८६७ मध्ये कामगाराला परवडेल असे साधे घड्याळ बाजारात आणले, आणि १८९६ मध्ये अमेरिकेत इंगरसोल कंपनीने एक डॉलरचे घड्याळ काढले. सोन्याच्या कवचाचे असो की निकेलचे, आत तीच पाच कामे चालत.

पण घड्याळ लावावयाचे कोणत्या वेळेला? मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले, ती अर्ध्या तासाने पुढे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (ज्यांच्या नावाने पुण्याचे कॉलेज आहे) यांनी सरकारी कामासाठी मद्रास वेळ लागू केली. लोकांनी ती मानली नाही व १८८३ मध्ये सरकारला मागे फिरावे लागले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर तेव्हा नवा होता. त्याच्या ठोक्यांवर आपल्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ कळावी, अशी प्रेमचंदांची इच्छा होती असे सांगतात. सूर्यास्ताशी जेवणाचा संबंध जैन बांधवांनाही आहे आणि रमजानमध्ये आपल्यालाही.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईच्या घड्याळांना ३९ मिनिटे पुढे उडी मारावी लागणार होती. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा भरल्या, आणि महानगरपालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जुनी मुंबई वेळच पाळली. एकाच शहरात दोन वेळा! लग्नाचे वा सभेचे निमंत्रण देताना "मुंबई टाइम" की "स्टँडर्ड टाइम" हे लिहावे लागे.

हा वाद इतिहासजमा झाला, पण ती ३९ मिनिटे कोठेही गेलेली नाहीत. आपल्या मशिदीत टांगलेल्या नमाजच्या वेळापत्रकात ती दिसतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. नवी मुंबई सुमारे ७३ अंशांवर. फरक साडेनऊ अंश, चोकाने ३८ मिनिटे. म्हणून येथे सूर्य बारा वाजता नव्हे, तर सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांनी मध्यान्हीला येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे ही वेळही वर्षभर सरकते : नोव्हेंबरच्या आरंभी ती १२.२२ च्या आसपास असते, फेब्रुवारीच्या मध्यास १२.५२ च्या सुमारास. नागपूरचे घड्याळ आणि आपले घड्याळ एकच वेळ दाखवतात, तरी तेथील रोजा आपल्याआधी वीस-पंचवीस मिनिटे सुटतो. त्याचेही कारण हेच. वेळापत्रक तयार करणारे मौलवीसाहेब व भूगोलाचे शिक्षक एकच गणित करीत असतात.

सोने किती, घड्याळ किती

आता पालकांसाठी दोन शब्द. जुन्या घड्याळात सोने असलेच तर ते कवचात असते. यंत्र पितळ, पोलाद व निकेलचे. कवचाच्या आत "१८" किंवा "०.७५०" असा छाप असेल तर शंभरात ७५ भाग सोने, "१४" किंवा "०.५८५" असेल तर साडेअठ्ठावन्न, "९" किंवा "०.३७५" असेल तर साडेसदतीस. आतले धुळीचे झाकण पुष्कळदा साध्या धातूचे असते. काही अमेरिकन कवचांवर "वीस वर्षांची हमी" असे कोरलेले आढळते. ते भरीव सोने नव्हे. हलक्या धातूवर चढवलेला पातळ पत्रा तितकी वर्षे झिजणार नाही एवढीच ती हमी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

पुरुषांनी अंगावर सोने वापरणे शरियतमध्ये मना आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. भेट म्हणून वा कमाई म्हणून घरात आलेले असे घड्याळ वापरापेक्षा पेटीतच अधिक राहिले तर नवल नाही. पेटीत असले तरी ते सोने आहे, त्याच्या जकातीचा हिशेब आपापल्या उलेमांना विचारून करावा. विकणे हाही कोणाचा नाइलाज असू शकतो. मुलीच्या फीसाठी आजोबांचे घड्याळ गेले तर आजोबांना वाईट वाटणार नाही. परंतु विकण्यापूर्वी एवढे जरूर करावे : ते एखाद्या जाणत्या घड्याळजीला दाखवावे. चांगल्या यंत्रासह घड्याळाची किंमत पुष्कळदा नुसत्या सोन्यापेक्षा अधिक येते. आणि सोने विकावेच लागले तर यंत्र मागून घ्यावे व शाळेला द्यावे.

ठेवणार असाल तर घरच्या घरी चाकूने झाकण उघडू नये. खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल आत घालू नये; ते वाळून चिकट होते व चाके धरून ठेवते. गंजलेल्या घड्याळाला जोर लावून चावी देऊ नये. मोबाईलच्या स्पीकरजवळ ठेवू नये, कारण त्यातील चुंबकाने केसकमान बिघडते. घड्याळ कोणाचे, ते कोठून आणले, कोणत्या बोटीवर होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून सोबत ठेवावे. तो कागद सोन्याइतकाच मोलाचा आहे.

घड्याळजी आणि आपण

पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशातून मनगटावर आले. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एच. एम. टी.ची घड्याळे होऊ लागली, व पुढे दोन पिढ्या परीक्षेत पास झालेल्या मुलाला ती बक्षीस मिळाली. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सीको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस काढले. त्यातील गारगोटीचा तुकडा आज बहुतेक घड्याळांत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सेकंदाला पाच ठोक्यांचे यंत्र त्याच्यापुढे टिकणे शक्य नव्हते. २०१६ साली एच. एम. टी.चा घड्याळाचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा घेऊन बसणारे घड्याळजी आता बाजारात तुरळक दिसतात. त्यांच्यापैकी अनेक जण फारसे शाळेत गेलेले नाहीत, पण गुणोत्तर, घर्षण, प्रसरण आणि झोक्याचे नियम त्यांच्या बोटांत आहेत. आपली मुले तेच नियम पाठ करतात, गुण मिळवतात व विसरून जातात.

शिक्षणाचेही कवच आणि यंत्र असते. प्रमाणपत्र, गुणपत्रिका, नावापुढची पदवी हे कवच. ते चकचकीत असावे, त्याला माझी हरकत नाही. नोकरीच्या बाजारात त्याचे वजन होते. पण आतले यंत्र, म्हणजे समजून घेण्याची सवय, हाताने करून पाहण्याची तयारी व रोज थोडे थोडे न चुकता करण्याची शिस्त, ही बाजूला पडली तर उरते ती रिकामी डबी. पालकांनी मुलाला किती टक्के मिळाले हे जरूर विचारावे. त्याबरोबर या आठवड्यात काय उघडून पाहिलेस, हेही विचारावे.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा प्रयोग सांगून लेख संपवतो. शाळेच्या मैदानात उन्हाच्या जागी एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा. सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपा. सर्वांत आखूड सावली ज्या मिनिटाला पडेल ती तुमची मध्यान्ह. ते मिनिट वहीत तारखेसह लिहा व मशिदीच्या वेळापत्रकातील जवालच्या वेळेशी ताडून पाहा. हाच प्रयोग नोव्हेंबरात करा, फेब्रुवारीत करा. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आभाळ मोकळे असल्यास सावली नाहीशी होताना दिसेल. असरची वेळ शाफई लोक सावली काठीएवढी वाढली की धरतात, हनफी दुप्पट वाढली की. मध्यान्हीची सावली आधी वजा करून दोन्ही मोजून पाहा. इब्न अल्-शातिरने सहाशे वर्षांपूर्वी याच कामाला आयुष्य वाहिले. त्याला लागले ते साहित्य, म्हणजे काठी, ऊन आणि धीर, आपल्या शाळेच्या मैदानावर फुकट उपलब्ध आहे.